गळ्याचं काज

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुम्ही एका कौलारू घराच्या पडवीत उभे आहात. समोर माडांची रांग आहे, तिच्या पलीकडे खाडी. डाव्या हाताला खिडकी आहे. खिडकीखाली एक लाकडी फळी, फळीवर काळ्या लोखंडाचं वाकलेलं अंग, त्यावरची सोनेरी वेलबुट्टी निम्मी पुसलेली. खाली जाळीचा पायटा. ती मी. वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीतली मी जुनी पायमशीन आहे.

आता डोळे उघडा आणि तुमच्या शर्टाचं एक बटण काढा. ते ज्या फटीतून बाहेर आलं, तिच्याकडे नीट बघा. दोन्ही कडांना दाट टाके, दोन्ही टोकांना गाठीसारखे आडवे टाके, मध्ये बारीक चीर. हिला काज म्हणतात. शर्ट घालताना कुणी काजाकडे बघत नाही. पण मला जे सांगायचं आहे ते सगळं काजाबद्दलच आहे.

पन्नास वर्षांपूर्वी मी मुंबईहून बोटीने वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरले आणि तिथून बैलगाडीने या पडवीत आले. तेव्हा सुभद्रा अठरा वर्षांची होती. तिचा धाकटा भाऊ परशुराम बारा वर्षांचा. मला गाडीतून उतरवताना त्याने माझं चाक गरकन फिरवलं आणि स्वतःचं बोट पट्ट्यात अडकवून घेतलं. सुभद्रा मला सोडून आधी त्याचं बोट फुंकत बसली. त्या दिवशीच मला कळलं, की या घरात माझा नंबर दुसरा आहे. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

त्या काळी त्यांची आई आनंदीबाई काजं हाताने करायची. मी तिला खूप वर्षं पाहिलं. हातकाजाची रीत अशी, की आधी कापड कापायचं आणि मग कापलेल्या कडेभोवती एकेक गाठीचा टाका घालत जायचं. दोऱ्याला ती मेण चोळून घेई, म्हणजे तो गुंतत नसे. काम सुरेख व्हायचं. पण कात्री लावण्याआधी ती श्वास धरायची, कारण चीर एक सूतभर वाकडी गेली तरी शर्ट वाया. एकदा कापलं की मागे फिरायची सोय नाही.

माझी रीत उलटी. मला फक्त सरळ टीप येते. सुई वर-खाली करायची, एवढंच माझं शिक्षण. सुईला बाजूला हलवणं मला आजही जमत नाही. मग मी काज कसं करत असेन? माझ्याबरोबर एक पत्र्याची डबी आली होती. तिच्यात मुठीएवढं लोखंडी यंत्र होतं. माझा कापड दाबणारा पाय काढायचा, त्या जागी ते बसवायचं, की ते कापडाला दोन्ही कडांनी पकडून डावीकडे-उजवीकडे हलवत गोल फिरवून आणायचं. सुई जागच्या जागी, कापड मात्र नाचतंय. फेरी पूर्ण झाली, की टाक्यांची लांबट चौकट तयार. मधलं कापड अजून अखंड. ते शेवटी लहान सुरीने कापायचं.

म्हणजे बघा, आनंदीबाई आधी कापायची आणि मग शिवायची. माझ्याकडे आधी शिवणं, मग कापणं. या दोन कामांच्या मध्ये माझ्याकडे थोडा वेळ उरतो. हवा तेवढा थांबता येतो. हे नीट लक्षात ठेवा, कारण या घरातली एक पद्धत त्या वेळातूनच तयार झाली.

परशुराम वीस वर्षांचा झाला आणि त्याला जहाजावर नोकरी लागली. निघायचा दिवस अचानक ठरला. सुभद्रा त्याच्यासाठी अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट शिवत होती. सातही काजं शिवून झाली होती, सहा पुढच्या पट्टीवर आणि एक गळ्याशी, पण कापायची राहिली होती. दारात गाडी उभी. तो म्हणाला, तसाच दे, बोटीवर कुणीतरी कापेल. सुभद्रा म्हणाली, नको, तू परत ये, मग मी कापते. शर्ट तिने ठेवून घेतला. त्याऐवजी एका चिंधीवर मापाचं एक काज करून, ते कापून, तिने त्याच्या खिशात घातलं. ज्या बंदरात जाशील तिथे बटणं बघ, या काजातून जातील तीच घे, असं तिने सांगितलं.

अकरा महिन्यांनी तो परतला, तेव्हा त्याच्या हातात शिंपल्याच्या बटणांची पुडी होती. त्या सकाळी तो माझ्यासमोर स्टुलावर चहाचा कप घेऊन बसला आणि सुभद्राने एकेक काज त्याच्यादेखत उघडलं. शेवटचं, गळ्याचं काज तिने सावकाश कापलं. मग बटणं लावली आणि त्याला शर्ट घालायला दिला. तो म्हणाला, गळ्याकडे जरा घट्ट होतोय. ती म्हणाली, बोटीवर बसून नुसतो जेवलंस मरे तू.

तेव्हापासून ती रीतच झाली. दरवर्षी आंब्याला मोहोर यायला लागला, की सुभद्रा शर्टाचं कापड पसरायची. काजं शिवून बंद ठेवायची. तो यायचा आणि दर वेळी नवी बटणं आणायचा. कधी करवंटीची, कधी शिंगाची, एकदा तर निळ्या काचेची. ती धुण्यातच फुटली, तेव्हा आठवडाभर दोघं एकमेकांना दोष देत हसत होती. मापाची चिंधी त्याच्या पाकिटात राहून पिवळी पडली.

आनंदीबाई गेली. सुभद्राने लग्न केलं नाही. का, ते विचारलेलं तिला आवडत नाही, म्हणून मीही सांगत नाही. वाडीतल्या बायकांचे ब्लाऊज, मुलांचे गणवेश, होड्यांवरच्या छपराची कापडं, सगळं तिने माझ्यावर शिवलं. लहानमोठे सगळेच तिला आत्या म्हणू लागले. लोक माझंही कौतुक करायचे. टीप असावी तर आत्येच्या मशीनीची, असं म्हणायचे. पावसाळ्यात माझा पट्टा सैल पडायचा, खाऱ्या हवेने अंगावर गंज यायचा. ती दर शनिवारी मला तेल द्यायची. ते माझे चांगले दिवस.

आठ वर्षांपूर्वी परशुराम कायमचा जहाजावरून उतरला आणि ठाण्याला बायकामुलांत राहू लागला. त्या मे महिन्यात तो गाडी घेऊन आला. अंगात तयार शर्ट होता. गाडीतून त्याने एक मोठा खोका काढला. खोक्यात विजेवर चालणारी नवी, पांढरी मशीन होती.

मित्रांनो, खरं तेच सांगते. ती मशीन हुशार होती. वेंगुर्ल्याच्या शिवणवर्गात ज्या मशिनी आहेत, त्यांची सुई आडवी झुलते. पण तिथे काजाची एक बाजू, मग टोक, मग दुसरी बाजू, मग दुसरं टोक, असं चार वेळा थांबून मशीनीचा खटका फिरवावा लागतो. या पांढरीला तेही नको. तिच्या पायाच्या मागे एक खाच होती. परशुरामने आपल्या शर्टाच्या आत शिवलेलं जादा बटण तोडून त्या खाचेत बसवलं आणि कळ दाबली. तिने बटणाचं माप स्वतः घेतलं आणि न थांबता काज पुरं केलं. मागोमाग दुसरं, अगदी तसंच. माझी दोन काजं कधी हुबेहूब सारखी झाली नाहीत.

सुभद्रा म्हणाली, "बरी आसा."

परशुराम खूश झाला. म्हणाला, "आता ह्या जुन्या मशिनीक भंगारात दी. पायटो मारून मारून तुझे पाय दुखतत."

"माझे पाय दुखतत ता तुका कोणी सांगल्यान?" सुभद्रा म्हणाली. मग थोड्या वेळाने, "शर्ट तयार आसा. बस, काजां कापतंय. बटणां दी."

त्याने बटणं आणली नव्हती. आता कुठली बंदरं आणि कुठली बटणं, तो म्हणाला. त्याने पाकिटातून ती पिवळी चिंधी काढली आणि माझ्या फळीवर ठेवली. "ह्यां आता हयच ऱ्हवांदे. तयार शर्ट मेळतत गो सगळीकडे. तू कशाक त्रास घेतस?"

त्याला बहिणीचे पाय दिसत होते. तिला फळीवरची चिंधी दिसत होती. दोघांनी एकमेकांना काय दिसतं ते विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तो गेला. सुभद्राने पांढरी मशीन पुन्हा खोक्यात घातली, चिकटपट्टी लावली आणि खोका खाटेखाली सरकवला. चिंधी तिने माझ्या खणात ठेवली.

त्यानंतर तो आला नाही. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. दिवाळीला फोन यायचा. बरी आसस ना, तो विचारायचा. बरी, ती म्हणायची. येतोस का, हे तिने विचारलं नाही आणि येतो असं तो म्हणाला नाही. पण मोहोराच्या दिवसांत तिने दरवर्षी शर्ट शिवला. मी दरवर्षी सात काजं केली. तिने ती कापली नाहीत. शर्ट घडी करून ट्रंकेत ठेवले. त्या मे महिन्यातला धरून आठ शर्ट झाले. छप्पन्न काजं मी शिवली आणि त्यातलं एकही उघडलं नाही. काम करूनही ते पुरं न झाल्याची ही हुरहुर तुम्हाला कशी सांगू? माझं काज बटणासाठी असतं. बटण आत-बाहेर होऊन त्याच्या कडा मऊ पडतात, तेव्हा ते खरं काज होतं. ती छप्पन्न अजून कडकच आहेत.

शेजारच्या दत्तप्रसादची मुलगी संचिता सहावीत आहे. शाळा सकाळची असली की दुपारी ती शिवण शिकायला येते. आत्येने तिला हातकाज शिकवलं, माझं काज शिकवलं, शिवणवर्गातल्या मशिनींचं चार टप्प्यांचं काज कसं होतं तेही सांगितलं. संचिताचे प्रश्न संपत नाहीत. एकदा तिने ट्रंक उघडी पाहिली आणि विचारलं, की या शर्टांची काजं बंद का आहेत. आत्येने सगळं सांगितलं. संचिताने आठही शर्टांच्या काजांवरून बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

या वर्षी नववा शर्ट शिवताना गोंधळ झाला. बारीक निळ्या रेघांचं कापड होतं. सुभद्राने आधी गळ्याचं काज केलं. ते झालं आणि डबीतल्या माझ्या त्या यंत्रातून कट्ट असा आवाज आला. आतल्या चाकाचा दात तुटला होता. खारी हवा आणि माझं वय. सुभद्रा वेंगुर्ल्याला फिरली, सावंतवाडीला फिरली. असला भाग आता कुणाकडे नव्हता. संचिता खाटेखाली बघून म्हणाली, "आत्ये, ती नवी मशीन आसा नाय?"

"तिका हात लावू नको," आत्या म्हणाली.

हाताने करावीत तर आता तिचे डोळे टाक्यावर ठरत नाहीत. आणि हातकाज म्हणजे आधी कापणं आलं. शेवटी कणकवलीच्या बाजारात काजं करून देणारं जे दुकान आहे, तिथे पुढची सहा काजं करायची ठरली. दत्तप्रसाद कामासाठी कणकवलीला जाणारच होता. संचिताही त्याच्याबरोबर निघाली. सुभद्राने खणातून पिवळी चिंधी काढली, शर्टाबरोबर दिली आणि दत्तप्रसादला सांगितलं, "ह्या नमुन्यासारखीच करूक सांग. माप चुकता नये."

संध्याकाळी दोघं परत आली. दत्तप्रसाद शर्ट देऊन पायरीवर बसला. संचिता माझ्याजवळ उभी राहिली, पण माझ्याकडे बघेना. सुभद्राने शर्ट उलगडला आणि पट्टीवरून हात फिरवला. तिचं बोट पहिल्या काजात शिरलं. मग दुसऱ्यात. सहाही काजं उघडी होती.

संचिता रडू लागली. रडत रडत तिने सांगितलं. तिथली मशीन टेबलाएवढी होती. दुकानदार कापड सरकवायचा, धडाधड टाके पडायचे आणि टाके संपता संपता वरून सुरी आपोआप खाली यायची. एक काज व्हायला चिमणीला दाणा टिपायला लागतो तेवढाच वेळ. तिने पहिली सुरी पडलेली पाहिली आणि थांबा म्हणेपर्यंत सहा झाली होती.

"आत्ये, तू नमुन्यासारखा म्हणालंस," दत्तप्रसाद म्हणाला. "नमुन्याचा काज उघडाच होता. तेणी तसाच केल्यान."

खरंच होतं. जी बाई आयुष्यभर काजं बंद ठेवत आली, तिने नमुना म्हणून उघडं काज दिलं. तिच्याच हातून ही चूक कशी झाली, ते मला अजून कळलेलं नाही. तिलाही कळलं नसावं. "चूक माझीच आसा," ती म्हणाली. "रडा नको गो."

ती शर्ट घेऊन ट्रंकेपर्यंत गेली आणि तशीच परत आली. "उघड्या काजांचो शर्ट ट्रंकेत कसो ठेवतलंय?" ती स्वतःशीच म्हणाली.

"मगे तेंका पाठव," संचिता म्हणाली.

आत्या उघड्या काजांवरून पुन्हा बोट फिरवू लागली.

"आत्ये, तू तेंका येवा म्हणान कधी सांगलंस?"

"काजां बंद ठेवलंय नाय? तो येतलो म्हणानच ठेवलंय. आणखी काय सांगाचा?"

"पण तेंका कसा कळतला?" संचिताने डोळे पुसले. "शर्ट तर ट्रंकेत आसत."

मग आत्या उठली आणि चहा टाकते म्हणून आत गेली.

मित्रांनो, पन्नास वर्षं मला वाटत होतं, की शिवणं आणि कापणं यांच्यात थांबता येतं हा माझा मोठा गुण आहे. कणकवलीच्या त्या घाईच्या मशीनीला मी मनातल्या मनात अडाणी म्हणत होते. पण थांबलेलं काज उघडायची आठवण कुणीतरी द्यावी लागते, हे मला कधी सुचलं नव्हतं. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी मशीन असेल, तर तिला आठवड्याला चार थेंब तेल द्या. तिचे लहानसहान भाग टाकून देऊ नका, ते पुन्हा मिळत नाहीत. आणि कुणाची वाट बघत असाल, तर ते त्या माणसाला सांगा.

आत चहा उकळत होता. तेवढ्या वेळात संचिताने काय केलं ते मी पाहिलं.

तिने शर्टाची घडी घातली, गळा वर येईल अशी. सहा काजं उघडी आणि वर गळ्याचं, माझ्या हातचं शेवटचं काज, तसंच बंद. पिवळी चिंधी तिने शर्टाच्या खिशात घातली. वहीचं पान फाडून माझ्या फळीवर ठेवलं आणि लिहिताना मोठ्याने वाचत लिहिलं, "परशुरामकाकानू, गळ्याचा काज आत्येन अजून कापूक नाय. माप खिशात आसा. बटणां घेवन येवा. नवी मशीन कशी चालवची ता पण माका दाखवा." मग ती पालथी पडून खाटेखाली गेली. दुकानातून खोका ठाण्याला घरी आला होता, तेव्हाचा पत्ता त्याच्यावर अजून चिकटलेला होता. तो तिने एकेक अक्षर लावत उतरवून घेतला आणि सगळं बापाच्या पिशवीत ठेवलं, उद्या पोस्टात टाकायला.

आत्या चहा घेऊन आली. तिने माझी रिकामी फळी पाहिली, मग दत्तप्रसादची पिशवी पाहिली. ती एवढंच म्हणाली, "पत्तो बरोबर घातलंस मां?"

संचिताने मान हलवली. मग तिने माझा खण उघडला, काजं कापायची लहान सुरी काढली, तेलाच्या फडक्याने पुसली आणि माझ्या फळीवर ठेवली. आठ वर्षं भिंतीकडे सरकवून ठेवलेलं परशुरामचं स्टूल तिने दोन्ही हातांनी ओढत आणलं आणि माझ्यासमोर मांडलं.